पावडर पकडली, बाटलीचं काय?

२०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी सांगलीजवळ कुपवाडमध्ये छापा घातला आणि शंभर किलोहून जास्त एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, त्यांच्या हाती लागलं. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेनं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावात कारखानाच पकडला. मालाची किंमत अडीचशे कोटींच्या घरात सांगितली गेली. २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत तसाच प्रकार, आणि त्याच वर्षाच्या शेवटी साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या सावरी गावात. द्राक्षं, हळद आणि उसाच्या या मुलखाचं नाव दोन वर्षं टीव्हीवर भलत्याच मालासाठी झळकत राहिलं.

मग व्हायचं ते सगळं झालं. बैठका झाल्या, शाळाशाळांतून शपथा दिल्या गेल्या, प्रभातफेऱ्या निघाल्या, बंद पडलेल्या शेडची यादी मागवली गेली. यातलं काहीच वाईट नाही. माळावरच्या एखाद्या शेडला बाजारभावापेक्षा जास्त भाडं मिळतं, आत कुणाला सोडत नाहीत, रात्री पिंपं उतरतात आणि वास नाकात बसतो, तरी गावात कुणी विचारत नाही. तेव्हा शेडची यादी हवीच. पण पावडरीच्या या बातम्यांनी एक गोष्ट पार झाकून टाकली. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत नशेनं जी घरं बसली, त्यांतली फार मोठी संख्या एमडीनं बसलेली नाही. ती दारूनं बसली. परवाना असलेल्या, कर भरलेल्या, बिल मिळणाऱ्या दारूनं. आणि पावडर ओढणारा पोरगा असो की देशी पिणारा बाप, त्याला एखाद्या सकाळी खरोखर सोडावंसं वाटलं तर तालुक्याच्या गावी त्याला नेऊन ठेवायला खाट नसते. छाप्यावर आपण खूश होतो आणि खाटेबद्दल बोलत नाही, ही माझी तक्रार आहे.

आकडे पाहू. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेला देशव्यापी अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यात भारतात साधारण १६ कोटी माणसं दारू पितात असं निघालं, आणि त्यातल्या सुमारे ५ कोटी ७० लाखांचं पिणं मदत लागावी इतकं हाताबाहेर गेलेलं. त्याच अहवालातला एक आकडा मला सगळ्यात बोचतो: दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले ना कसले उपचार मिळतात, आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी आपण पितो असं सांगितलं. आता पाहणी करणारी बाई वही घेऊन ओसरीवर बसलेली, चुलीपाशी बायको, खाटेवर माळकरी आई. अशा वेळी किती जण खरं सांगत असतील, हे ज्याचं त्यानं आपल्या गल्लीकडे पाहून ठरवावं.

एमडीला मी हलकं लेखत नाही. मेफेड्रोनला आपल्याकडे २०१५ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थ कायद्याखाली आणलं गेलं; त्याआधी ते बाळगणाऱ्याला त्या कायद्यानं हात लावता येत नव्हता. घेतल्यावर काही तास झोप नाही, भूक नाही, अंगात दहा माणसांचं बळ. आणि उतरल्यावर अशी काही उदासी की पोरगं पुन्हा त्याच पुडीकडे धावतं. पुढे संशय, भास, छातीत धडधड. दारू किंवा अफूच्या व्यसनाला निदान काही औषधांचा आधार आहे. एमडीची ओढ मोडणारं मान्यताप्राप्त औषध आजघडीला नाही. आहे तो समुपदेशनाचा, घरच्यांच्या धीराचा आणि वेळेचा मार्ग.

शिवाय या पट्ट्यात पावडरीच्या आधी सुई पोचली होती. ज्या मुलखात पहिलवानाचा खुराक म्हणजे थंडाई, बदाम आणि म्हशीचं दूध होतं, तिथे आता जिममधली पोरं मेफेंटरमाइनची इंजेक्शनं टोचून घेतात. भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब घसरला तर तो सावरायला शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरायचं हे औषध. व्यायामाला दम टिकतो म्हणून सुरू होतं आणि कधी झटक्यानं हृदयावर बेततं. चिठ्ठीशिवाय ते मिळू नये असा नियम आहे, तरी मिळतं. याला मेक्सिकोतला तस्कर लागत नाही, कोपऱ्यावरचा ओळखीचा माणूस पुरतो.

पण अशा पोराच्या बापाला विचारा, तू त्याला दवाखान्यात का नेत नाहीस? तो म्हणेल, पोलीस केस होईल. अमली पदार्थांच्या त्याच कायद्यात, म्हणजे एनडीपीएस कायद्यात, ६४-अ नावाचं कलम आहे. नशेच्या आहारी गेलेला माणूस थोड्या प्रमाणातल्या मालासाठी किंवा सेवनासाठी अडकला असेल आणि तो आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढूनही घेता येते. हे कलम बहुतेक आईबापांना माहीत नाही. शपथेच्या कार्यक्रमात ते सांगितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पोरांना ‘नशेला नाही म्हणा’ सांगतात. ज्यानं आधीच हो म्हटलंय त्यानं काय करायचं, ते सांगत नाहीत.

आता बाटलीकडे वळू. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. या कायद्याप्रमाणे पिणाऱ्यापाशी परवाना हवा, आणि देशी-विदेशी कडक दारूसाठी वय २५ पूर्ण हवं. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं लिहिलेलं आहे. आणि याच राज्याच्या मंत्रिमंडळानं २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवताना वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्त मिळतील असा अंदाज मांडला. पंचवीसच्या आतल्या पोराला दुकानदारानं वय विचारलंय, परवाना दाखव म्हटलंय, असं दृश्य सांगलीच्या कॉलेज कॉर्नरला किंवा साताऱ्याच्या पोवई नाक्याला कुणाला दिसलं असेल तर कळवावं.

शुल्क वाढवण्याला माझा विरोध नाही, उलट ते वाढवावंच. दारू महागली की एकूण पिणं कमी होतं, हे जगभर पडताळून झालेलं आहे, आणि नव्यानं सुरुवात करणाऱ्या तरुणांना ते जास्त लागू पडतं. पण आधीच रोज प्यावी लागते असा माणूस महागाईनं थांबत नाही. तो किराण्यात काटकसर करतो, बायकोच्या बचत गटाच्या हप्त्याला हात घालतो, नाहीतर हातभट्टीकडे वळतो. मुंबईत २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. सगळी हातावर पोट असलेली. म्हणून किंमत वाढवतानाच सोडणाऱ्यासाठी दार उघडं ठेवावं लागतं. सरकारनं किंमत वाढवली, दार तसंच बंद ठेवलं.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण यावर फार कुणी बोलत नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं असलेल्या योजनेतून वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्यात काही अपवाद आहेत; त्यातला एक, अमली पदार्थाच्या अंमलाखाली असताना झालेला अपघात. नियम म्हणून त्यामागचा तर्क समजतो. पण चित्र काय उभं राहतं ते बघा. गावातल्या दुकानाला परवाना सरकारनं दिला, प्रत्येक चपटीमागे शुल्क सरकारनं घेतलं, तो माणूस रात्री मोटारसायकलवरून येताना चरीत पडून मेला. मग त्याच्या पोस्टमॉर्टेमच्या अहवालात दारू निघाली की पैसे बायकोचे अडतात. तिनं तर थेंब घेतलेला नसतो. वीस वर्षं तिनं त्या दुकानाला शिव्या घातलेल्या असतात.

सरकारला बोल लावणं सोपं आहे. आपल्या अंगणात यावं लागेल. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांनी या भागाची दैना फिटवली, हे कुणी नाकारू नये. त्याच कारखान्यांच्या मळीपासून आसवनीत अल्कोहोल निघतं. आता त्यातलं बरंचसं इथेनॉल होऊन पेट्रोलमध्ये जातं, ते चांगलंच. पण देशी दारूचा कच्चा मालही मळीतूनच येतो, आणि उपपदार्थांतून कारखाना सावरला की ऊसदर देणं सोपं जातं. म्हणजे दराच्या आंदोलनात आपण ज्या पैशासाठी भांडतो, त्यातली काही नाणी बाटलीला घासून आलेली असतात. मी कारखानदारी बंद करा असं म्हणत नाही. पण ज्यांच्या आसवनीतून पिण्याचं अल्कोहोल जातं, त्या कारखान्यांनी कार्यक्षेत्रातल्या ऊसतोड कामगारांसाठी आणि सभासदांच्या घरांसाठी व्यसनमुक्तीचा खर्च उचलला, तर ते उपकार ठरणार नाहीत. फडात कोयता चालवणारा माणूस पहाटे थंडीत उठून रात्रीपर्यंत राबतो आणि अंगदुखीवर त्याला सगळ्यात जवळ मिळणारा इलाज म्हणजे देशीची बाटली. उचल घेतलेली, मुकादमाचा तगादा, पाचटाच्या खोपीत संसार. त्याला व्यसनाधीन म्हणून हिणवण्याआधी त्याच्या खोपीपासून आरोग्य केंद्र किती लांब आणि दुकान किती लांब, एवढं मोजावं.

वाइनच्या वेळीही असाच खेळ झाला. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा द्राक्ष बागायतदाराचं भलं होणार असं सांगितलं गेलं. तासगाव-पलूसचा बहुतेक बागायतदार खायची द्राक्षं आणि बेदाणा पिकवतो. वाइनच्या जाती वेगळ्या असतात. पलूसला २००१ च्या धोरणानंतर वाइन पार्क झाला, त्यानं इथल्या बागायतदाराची किती दैना फिटली ते बागायतदारालाच विचारावं. नाव शेतकऱ्याचं पुढे करायचं आणि दुकान वाढवायचं, ही आपल्याकडची मुरलेली पद्धत.

निवडणुकांबद्दल काय लिहायचं? ग्रामपंचायत लागली की पंधरा दिवस ढाब्याचं बिल कोण भरतं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, आणि त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदा घेतलेली पोरं पुढे कुणाच्याच खात्यावर दाखवली जात नाहीत. पुढे जाऊ.

गावच्या बायकांच्या हातात एक हत्यार आहे, आडव्या बाटलीचं. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर दुकान ठेवायचं की हटवायचं यावर गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे ठेवा, आडवी म्हणजे हटवा. निरक्षर म्हातारीलाही कळावं इतकं साधं चिन्ह. सातारा जिल्ह्यात जावळीच्या बायकांनी या मतदानासाठी जे रान उठवलं, त्याचं कौतुक राज्यभर झालं. पण या नियमात एक मेख आहे. दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात.

समजा, गावाच्या यादीत १,००० बायकांची नावं आहेत. मतदानाला ६४० आल्या. त्यातल्या ४९० जणींनी आडवी बाटली निवडली, १५० जणींनी उभी. तिपटीनं जास्त. तरी दुकान चालूच राहणार, कारण ५०१ झाल्या नाहीत. न आलेल्या ३६० जणी कोण? माण-खटाव किंवा पाटणच्या गावाची यादी घेऊन बसा म्हणजे कळेल. नवरा मुंबईला माथाडीत म्हणून तिकडेच राहणाऱ्या, लग्न होऊन गेलेल्या पण नाव न कमी झालेल्या, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या, आणि काही तर केव्हाच देवाघरी गेलेल्या. या सगळ्या जणींचं मत नियमानं उभ्या बाटलीच्या पारड्यात घातलं. आमदाराला निवडून यायला असली अट नाही. झालेल्या मतांत पहिला आला की गुलाल. बायकांनी दुकान उठवायचं म्हटलं की मात्र स्मशानातल्या बायकांचाही कौल लागतो. ही अट बदलून झालेल्या मतदानाचा निकाल ग्राह्य धरावा, यासाठी दोन्ही जिल्ह्यांतल्या एकाही लोकप्रतिनिधीला अडचण असू नये. असली, तर ती का आहे ते त्यांनी जाहीर सभेत सांगावं.

पण आडव्या बाटलीच्या मर्यादाही जावळी तालुक्यानंच दाखवल्या. जिथे बायकांनी दारूविरुद्ध लढा उभा केला, त्याच जावळीत सावरीचं एमडी प्रकरण घडलं. मतपेटी परवान्याच्या दुकानाला हलवू शकते. ज्याला परवानाच नाही त्याचं ती काय करणार? महामार्गाचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं हटवायला सांगितलं. पुणे-बेंगळुरू रस्ता तर साताऱ्याच्या आणि कराडच्या अंगाला लागून जातो. पुढच्या एप्रिलमध्ये दुकानांना टाळी लागली, मग अनेक राज्यांनी शहरातल्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढायला घेतला, आणि त्याच वर्षी शहर हद्दीपुरती मोकळीकही मिळाली. महसुलाची निकड असली की सरकारची कल्पकता बघण्यासारखी असते.

मग सरसकट दारूबंदी करा, असा सूर हमखास निघतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथे तिच्या मागे लोकांची चळवळ होती आणि तिचा आधार अजून टिकून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. माझं मत असं आहे की ज्या गावानं, ज्या वॉर्डानं मागितली तिथे बंदी द्यावी आणि राखावी, पण मुंबईत बसून अख्ख्या जिल्ह्यावर ती लादली तर पोलिसांचा एक नवा हप्ता सुरू होतो. ‘आम्ही आमच्या पैशानं पितो, तुमचं काय जातं’ असं म्हणणाऱ्यांचंही एक ऐकून घेतो. शनिवारी मित्रांत बसून दोन पेग घेणाऱ्या माणसाला मी गुन्हेगार समजत नाही. फक्त त्यानं एवढं माहीत करून घ्यावं की जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे दारूचं कोणतंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, आणि कर्करोग होण्याच्या कारणांत दारू तंबाखूच्याच पहिल्या गटात आहे. यावर त्याचं स्वातंत्र्य. माझा वाद पिणाऱ्याशी नाहीच. ज्याला थांबायचंय आणि थांबता येत नाही त्याच्यासाठी आहे.

त्या माणसाचं काय होतं ते नीट सांगायला हवं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, मेलेला भाऊ बोलावतो, माणसं ओळखू येत नाहीत. वेळेवर उपचार नाही झाले तर यात माणूस दगावतो. घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा. गाडी निघते देवऋष्याकडे. नाहीतर गावातल्या डॉक्टरकडे नेऊन ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन लावतात. रोज पिणाऱ्याच्या अंगात बी-१ हे जीवनसत्त्व फार कमी असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणजे चार-पाच दिवसांच्या या टप्प्याला लागतं काय? डायझेपाम किंवा लोराझेपामसारखी जुनी, स्वस्त औषधं, बी-१ ची इंजेक्शनं, रक्तदाब पाहणारी नर्स आणि एक खाट. सीटी स्कॅन नको, परदेशी मशीन नको.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडलेली हजारो माणसं आहेत, आणि मी त्यांच्याकडे आदरानं पाहतो. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघानं वारकरी मार्गानं या भागातल्या पोरांना व्यसनापासून दूर ठेवायचं काम केलं. माळ काम करते, कारण ती माणसाची संगत बदलते. संध्याकाळी सातला जो पारावरून ढाब्याकडे वळायचा, तो हरिपाठाला जाऊन बसतो. शब्द गेला तर अख्ख्या दिंडीसमोर जातो. मनोविकारतज्ज्ञ आधारगट म्हणतात तो याहून काय वेगळा असतो? पण बाटली-बाटली पिणारा गडी एकादशीला माळ घालतो, त्याच दिवशी एकदम सोडतो, आणि द्वादशीच्या रात्री फिट येऊन पडतो, हेही होतं. त्याची श्रद्धा कमी नव्हती, त्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली होती. म्हणून बुवांनी माळ जरूर घालावी. फक्त रोज पिणारा असेल तर आधी चार दिवस दवाखान्यात काढून यायला सांगावं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते याच शास्त्रीय वाटेनं. एकाच जिल्ह्यात कीर्तनकार आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले, दोघांनीही व्यसनमुक्तीचं काम अंगावर घेतलं. इतर कशावर त्यांचं पटलं नसतं.

श्रावणाचंही सांगून टाकतो. गटारीला ढोसायची, श्रावण कडक पाळायचा, आणि मग छाती पुढे काढून म्हणायचं, ‘मी महिनाभर सोडू शकतो, मला कसलं व्यसन?’ महिनाभर सोडता येणं चांगलंच आहे. पण श्रावण संपायचे दिवस जो बोटावर मोजतो, त्याला आपलं उत्तर आपणच मिळालेलं असतं.

यापलीकडचा धोका म्हणजे एसटी स्टँडच्या खांबावर चिकटवलेले कागद: ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’. चहात, आमटीत मिसळायची पुडी. बायका दागिना मोडून ती आणतात. त्यात काय असतं ते कुणीच सांगत नाही. डायसल्फिरम असेल, तर ते पोटात असताना माणूस प्यायला की तोंड लालभडक होतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. हेच औषध डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं, रक्त तपासून. नकळत दिलेलं औषध म्हणजे घरच्याच हातानं केलेला विषप्रयोग होऊन बसतो, आणि दोष त्या बाईच्या पदरात. तिला दुसरा रस्ता कुणी दाखवला होता?

दुसरा रस्ता म्हणून खासगी केंद्रं आहेत. काही मनापासून चालवलेली आहेत. काही ठिकाणी मात्र फोन केला की रात्री गाडी येते, चार दांडगे गडी उतरतात, माणसाला उचलून नेतात, आणि तीन महिने घरच्यांशी बोलू देत नाहीत. आत मारहाण झाल्याच्या, बांधून ठेवल्याच्या कहाण्या परत आलेली माणसं हळू आवाजात सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारात धरलं आहे, अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली आहे, आणि साखळीनं बांधायला साफ मनाई केली आहे. घरच्यांनी आत पाऊल टाकण्याआधी नोंदणीचा कागद मागावा, डॉक्टर कोणत्या दिवशी येतात ते विचारावं. ‘भेटायला यायचं नाही’ म्हणणाऱ्या केंद्रातून माणूस लगेच परत आणावा.

म्हणून माझी मागणी लहान आहे. सांगली जिल्ह्यात १० तालुके, साताऱ्यात ११. प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दारू सोडणाऱ्यांसाठी पाच खाटा राखून ठेवा. एकूण १०५ खाटा. मिरजेला वैद्यकीय महाविद्यालय आहे, साताऱ्याला आहे, कराडला कृष्णा आहे; तालुक्याच्या डॉक्टरांना आणि नर्सना तिथे प्रशिक्षण देता येईल, गुंतागुंतीचा पेशंट तिकडे पाठवता येईल. आज जत तालुक्यातल्या उमदीच्या माणसाला सांगलीला यायचं तर शंभरावर किलोमीटर, तेही हात थरथरत असताना, एसटीनं. वाटेत किती दुकानं लागतात ते तुम्हीच मोजा. पैसा कुठून? शुल्कवाढीतून जे १४,००० कोटी जास्त येणार म्हणतात, त्यातला शंभरात एक रुपया उपचारासाठी वेगळा काढला तरी राज्याला वर्षाला १४० कोटी होतात.

खाट हे सगळं उत्तर नाही, हे मलाही कळतं. चार-पाच दिवसांनी अंगातली दारू निघते, मनातली निघत नाही. बरीच माणसं पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पितात. त्यावर गावात लगेच शेरा असतो: ‘बघा, कुत्र्याचं शेपूट.’ मधुमेहाच्या पेशंटची साखर वाढली तर आपण त्याला शेपूट म्हणत नाही, गोळी बदलतो. इथेही महिन्याला फेरतपासणी लागते, ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी गोळी काहींना लागू पडते, आणि बायकोला, आईला बोलायला कुणी तरी लागतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येतं. तो वार गावात कुणाला माहीत नसतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रेशनची तारीख लिहितात तशी ही तारीखही लिहा. खाली १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा नंबर लिहा. दोन्ही फोन फुकट लागतात.

पुढच्या ग्रामसभेत दारूवर चर्चा निघेलच. कुणीतरी दुकान हटवा म्हणेल, कुणीतरी गप्प बसवेल. त्या गोंधळात एका बाईनं उठून वैद्यकीय अधिकाऱ्याला दोनच प्रश्न विचारावेत. आपल्या ग्रामीण रुग्णालयात आज लोराझेपाम आणि बी-१ ची इंजेक्शनं शिल्लक आहेत का? आणि माझ्या नवऱ्यानं उद्या सकाळी सोडतो म्हटलं, तर तुम्ही त्याला दाखल करून घेणार का? दोन्ही उत्तरं ग्रामसेवकानं इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची प्रत जिल्हा नियोजन समितीकडे पाठवावी.